वाक्याच्या पोटातला प्रश्न: इंग्रजीत शब्दांचा क्रम पुन्हा सरळ का होतो

‘तो कुठे राहतो?’ असे आपण कोणाला विचारतो तेव्हा हे तीन शब्द ज्या क्रमाने येतात, त्याच क्रमाने ते ‘तो कुठे राहतो ते मला माहीत नाही’ या वाक्यातही येतात. बोलण्याची ढब बदलते, लिहिताना प्रश्नचिन्ह येते किंवा येत नाही, पण ‘तो’, ‘कुठे’ आणि ‘राहतो’ आपापली जागा सोडत नाहीत. मराठीत वाढलेल्या माणसाला यात काही विशेष आहे असे वाटण्याचे कारणच नाही. इंग्रजीत मात्र याच दोन वाक्यांमध्ये बरीच हालचाल होते. प्रश्न आहे ‘व्हेअर डज ही लिव्ह?’ आणि विधान आहे ‘आय डोन्ट नो व्हेअर ही लिव्हज.’ दुसऱ्या वाक्यात ‘डज’ नाहीसा झाला, ‘ही’ प्रश्नशब्दाला लागून आला आणि ‘लिव्ह’च्या शेवटी एक ‘एस’ उमटला.

ही हालचाल न केल्यामुळे तयार होणारे ‘आय डोन्ट नो व्हेअर डज ही लिव्ह’ हे वाक्य आपल्याकडे शाळेच्या वर्गात, नोकरीच्या मुलाखतीत आणि कार्यालयातल्या ईमेलमध्ये सारखेच भेटते, आणि बारा-पंधरा वर्षे इंग्रजी शिकलेली माणसेही ते निःशंकपणे वापरतात. मी मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी शिकवते. इतकी वर्षे ही चूक तपासल्यानंतर माझे मत असे झाले आहे, की ती हलगर्जीपणातून होत नाही, मेहनतीतून होते. प्रश्न विचारताना क्रियापद कर्त्याच्या पुढे नेण्याची जी उलटापालट मराठीत नाही, ती मूल इंग्रजीसाठी मोठ्या कष्टाने शिकते, घोकून घोकून अंगवळणी पाडते, आणि एकदा ती अंगवळणी पडली की जिथे ‘व्हेअर’, ‘व्हॉट’ किंवा ‘व्हाय’ दिसेल तिथे ती करून मोकळे होते. ती उलटापालट ‘व्हेअर’ या शब्दामुळे होत नसते, ती विचारण्याच्या कृतीमुळे होते, एवढे मात्र त्याला कोणी वेळेवर सांगितलेले नसते.

इंग्रजी प्रश्न मुळात कसा तयार होतो, ते आधी पाहू. ‘शी इज रेडी’ हे विधान आहे. त्याचा प्रश्न करताना ‘इज’ हे क्रियापद कर्त्याला ओलांडून पुढे जाते आणि ‘इज शी रेडी?’ असे वाक्य होते. ‘कॅन’, ‘विल’, ‘हॅव’, ‘शुड’ ही सगळी सहायक क्रियापदे याच पद्धतीने कर्त्याच्या पुढे उडी घेतात. प्रश्नशब्द असेल तर तो सर्वांच्या आधी येतो, त्याच्यामागे सहायक क्रियापद आणि त्याच्यामागे कर्ता: ‘व्हेन विल शी कम?’ वाक्यात सहायक क्रियापदच नसेल, तर इंग्रजी ‘डू’ हे एक रिकामे क्रियापद उभे करते. या ‘डू’ला स्वतःचा काही अर्थ नसतो. काळ आणि पुरुष यांची खूण अंगावर घेऊन कर्त्याच्या पुढे उभे राहणे एवढेच त्याचे काम. म्हणून ‘ही लिव्हज’मधला ‘एस’ काढून ‘डू’ला लावला जातो, ‘डज’ तयार होतो आणि मागे नुसता ‘लिव्ह’ उरतो. भूतकाळात ‘वेंट’मधला भूतकाळ ‘डिड’ उचलतो आणि मागे ‘गो’ राहते. ही सोय इंग्रजीत पूर्वापार नव्हती. मुख्य क्रियापद स्वतःच कर्त्याला ओलांडत असे आणि ‘व्हॉट से यू?’ अशी वाक्ये सर्रास होत असत. प्रश्नांमध्ये ‘डू’ने जम बसवला तो साधारण सोळाव्या आणि सतराव्या शतकांत. मुख्य क्रियापद म्हणून आलेले ‘इज’ आजही स्वतःच उडी घेते, हा त्या जुन्या रीतीचा जिवंत अवशेष आहे.

आता हा प्रश्न उचलून दुसऱ्या वाक्याच्या पोटात ठेवायचा आहे. मी वर्गात यासाठी कार्डपेपरच्या पट्ट्या वापरते. एका पट्टीवर ‘व्हेअर’, एकीवर ‘डू’, एका लहानशा चौकोनी तुकड्यावर नुसता ‘एस’, एकीवर ‘ही’ आणि एकीवर ‘लिव्ह’. पट्ट्या बाकावर मांडल्या की ‘डू’च्या शेपटीला ‘एस’चा तुकडा चिकटवून ‘डज’ होतो आणि प्रश्न पूर्ण होतो. मग मी डाव्या बाजूला ‘आय डोन्ट नो’ ही लांब पट्टी ठेवते आणि ‘डू’ची पट्टी उचलून घेते. एका वर्षी आठवीतल्या एका मुलीने तो सुटा पडलेला तुकडा बोटाने दाबून धरला आणि विचारले, “बाई, मग हा एस कुठे गेला?” तिने अगदी योग्य जागी बोट ठेवले होते. ‘डू’ हा फक्त वाहक आहे, ‘एस’ हा माल आहे. वाहकाची गरज संपली की तो जातो, पण माल टाकून देता येत नाही, तो मूळ मालकाकडे परत करावा लागतो. तिने तुकडा उचलून ‘लिव्ह’च्या मागे लावला आणि ‘व्हेअर ही लिव्हज’ तयार झाले. ‘डिड’च्या बाबतीत हेच घडते, फक्त परत आलेला भूतकाळ ‘गो’च्या अंगात मुरून ‘वेंट’ होतो. अर्धवट सुधारलेली ‘आय डोन्ट नो व्हेअर ही लिव्ह’ आणि ‘टेल मी व्हेअर ही गो यस्टर्डे’ ही वाक्ये मुले लिहितात, ती नेमकी इथेच हुकलेली असतात: वाहक काढला, माल परत केला नाही.

क्रम सरळ होतो म्हणजे काय होते, ते इतके सोपे आहे. का होते, हा भाग अधिक विचार करण्यासारखा आहे, आणि तो समजला की नियम पाठ करावा लागत नाही.

‘व्हेअर डज ही लिव्ह?’ असे कोणी म्हणतो तेव्हा तो ऐकणाऱ्याकडून उत्तर मागत असतो. कर्त्याला ओलांडून पुढे आलेले क्रियापद हे इंग्रजीत त्या मागणीचे चिन्ह आहे. ‘आय डोन्ट नो व्हेअर ही लिव्हज’ म्हणणारा मात्र काहीच मागत नाही, तो स्वतःच्या अज्ञानाबद्दल एक विधान करत असतो. ‘शी टोल्ड मी व्हेअर ही लिव्हज’ या वाक्यात तर उत्तर मिळूनही गेले आहे. पोटात असलेला भाग प्रश्नाच्या आकाराचा आहे, पण तो आता एक नाम झाला आहे. ‘मला पत्ता माहीत नाही’ या वाक्यात ‘पत्ता’ जे काम करतो, तेच काम ‘व्हेअर ही लिव्हज’ हा तुकडा करतो, आणि आपल्या व्याकरणाच्या पुस्तकात त्याला नामवाक्य म्हणतात ते यामुळेच. नामाचे काम करणाऱ्या तुकड्याने स्वतंत्रपणे कोणाला काही विचारायचे नसते, म्हणून विचारण्याचे चिन्हही त्याने धारण करायचे नसते.

मग ‘डू यू नो व्हेअर ही लिव्हज?’ या वाक्याचे काय, हे वाक्य तर प्रश्नच आहे, अशी शंका येते, आणि ती रास्त आहे. इथे मागणी नक्की आहे, पण ती बाहेरच्या वाक्याने केलेली आहे: तुला माहीत आहे का? उलटापालट ‘डू यू नो’मध्ये होऊन गेली, आतला तुकडा सरळच राहिला. मराठीत हे फार स्पष्ट दिसते, कारण आपण म्हणतो, ‘तो कुठे राहतो ते तुला माहीत आहे का?’ यातला ‘का’ बाहेरच्या ‘माहीत आहे’ला लागलेला आहे, आतल्या ‘राहतो’ला नाही. मराठीने एकच ‘का’ लावला, इंग्रजीनेही एकच उलटापालट केली, आणि दोघींनीही ती खूण बाहेरच्या वाक्यावर ठेवली. प्रश्नचिन्हाचा नियमही यातूनच आपोआप सुटतो. बाहेरचे वाक्य विचारत असेल तर शेवटी प्रश्नचिन्ह, सांगत असेल तर पूर्णविराम. ‘आय वंडर व्हेअर ही लिव्हज’ यात मनात कुतूहल कितीही असले तरी बाहेरचे वाक्य विधानच आहे, म्हणून तिथे पूर्णविराम येतो.

ज्या प्रश्नाचे उत्तर हो किंवा नाही असते, त्यात प्रश्नशब्द नसतो. ‘इज शी रेडी?’ हा प्रश्न पोटात घ्यायचा तर उलटापालट काढून टाकल्यावर ‘शी इज रेडी’ हे साधे विधान उरेल आणि प्रश्नाचा मागमूसही राहणार नाही. म्हणून इंग्रजी तिथे ‘इफ’ किंवा ‘व्हेदर’ आणून ठेवते: ‘आस्क हर इफ शी इज रेडी.’ मराठीत आपण ‘ती तयार आहे का ते विचार’ किंवा ‘ती तयार आहे की नाही ते विचार’ असे म्हणतो, म्हणजे आपलेही एक चिन्ह आत शिल्लक राहते. इंग्रजीचे चिन्ह तुकड्याच्या सुरुवातीला येते, आपले शेवटी, एवढाच फरक.

आता एक बारीक गोष्ट, जी मला स्वतःला फार उशिरा कळली आणि कळल्यावर फार आनंद झाला. ‘इफ’ आणि कर्त्यापुढे आलेले सहायक क्रियापद हे दोन्ही एकाच जागेचे उमेदवार आहेत. उपवाक्याच्या दाराशी, कर्त्याच्या अगदी आधी, एकच खुर्ची आहे असे समजा. स्वतंत्र प्रश्नात तिच्यावर क्रियापद येऊन बसते. पोटातल्या प्रश्नात ती खुर्ची दोन वाक्ये जोडणाऱ्या शब्दासाठी राखलेली असते, म्हणून क्रियापदाला उठून येता येत नाही. हे नुसते रूपक नाही, त्याचा पुरावा भाषेतच आहे, आणि तो प्रश्नांशी संबंध नसलेल्या एका जागी सापडतो. ‘इफ आय हॅड नोन’ म्हणजे ‘मला माहीत असते तर’. याच अर्थाने इंग्रजीत ‘हॅड आय नोन’ असेही म्हणतात. ‘इफ’ काढला की खुर्ची रिकामी झाली, आणि तत्क्षणी ‘हॅड’ कर्त्याला ओलांडून तिच्यावर जाऊन बसला. ‘इफ यू शुड नीड हेल्प’ आणि ‘शुड यू नीड हेल्प’ ही जोडीही तशीच आहे. दोघे एकदम कधी येत नाहीत, ‘इफ हॅड आय नोन’ असे कोणी म्हणत नाही. प्रश्नशब्द असलेल्या तुकड्यात आज ती खुर्ची रिकामी दिसते खरी, पण मध्ययुगीन इंग्रजीत तिथे ‘व्हेअर दॅट’, ‘व्हॉट दॅट’ असा जोडशब्द प्रत्यक्ष उच्चारलाही जात असे. आज तो ऐकू येत नाही, जागा मात्र राखलेलीच आहे.

पुण्यामुंबईत जर्मन शिकणारे पुष्कळ आहेत, त्यांना ही गोष्ट ओळखीची वाटेल. जर्मनमध्ये ‘वो वोन्ट एर?’ म्हणजे ‘तो कुठे राहतो?’ आणि ‘इष वाइस निष्ट, वो एर वोन्ट’ म्हणजे ‘तो कुठे राहतो ते मला माहीत नाही’. तिथेही पोटात गेल्यावर क्रियापदाला कर्त्याच्या पुढची जागा मिळत नाही, ते पार शेवटी जाते. इंग्रजी आणि जर्मन या एकाच कुळातल्या भाषा आहेत, आणि मुख्य वाक्य व गौण वाक्य यांच्यात क्रमाने फरक करण्याची सवय दोघींच्या घरातली आहे. मराठीच्या घरात ती नाही.

आपल्या चुका इथूनच येतात, आणि त्या एका जातीच्या नाहीत. मराठीत प्रश्नशब्द जिथल्या तिथे राहतो आणि क्रियापद हलत नाही, त्यामुळे सुरुवातीला मूल सरळ क्रमानेच प्रश्न विचारते: ‘व्हेअर यू आर गोइंग?’ इंग्रजी ही ज्यांची मातृभाषा आहे, ती लहान मुलेही काही काळ असे प्रश्न विचारतात, म्हणून यात लाज वाटण्यासारखे काही नाही. मग शिक्षक ते दुरुस्त करतात, उलटापालट पक्की होते, आणि तीच पुढे ‘आय नो व्हेअर आर यू गोइंग’मध्ये शिरते. एक चूक काढताना दुसरी जन्माला येते. म्हणून या दोन्ही वाक्यरचना मुलांसमोर एकाच आठवड्यात, जोडीने आल्या पाहिजेत असे मला ठामपणे वाटते. आपल्याकडे साधा प्रश्न खालच्या वर्गात येतो आणि पोटातला प्रश्न पुष्कळ वर्षांनी ‘इनडायरेक्ट स्पीच’ या शीर्षकाखाली, काळ बदला, सर्वनाम बदला, क्रियाविशेषण बदला अशा यादीतला एक नियम म्हणून येतो. तोपर्यंत सवय हाडात भिनलेली असते. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी माध्यमातही पहिलीपासून इंग्रजी आहे, म्हणजे ही जोडी लवकर शिकवायला वेळ भरपूर आहे.

दुसरी चूक ‘की’मधून येते. ‘त्याने मला विचारले की तू कुठे राहतोस’ हे शुद्ध मराठी वाक्य आहे. मराठीत विचारणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे ठेवता येतात, ‘तू’चा ‘मी’ करावा लागत नाही, वर्तमानकाळाचा भूतकाळ करावा लागत नाही. ‘तू कुठे राहतोस म्हणून त्याने विचारले’ या रचनेतही तेच. या वाक्याचा शब्दाला शब्द ठेवला की ‘ही आस्क्ड मी दॅट व्हेअर डू यू लिव्ह’ तयार होते. यात तीन गोष्टी मराठीच्या आहेत: ‘की’चा ‘दॅट’, जसाच्या तसा ठेवलेला ‘यू’ आणि जसाच्या तसा ठेवलेला प्रश्नाचा क्रम. इंग्रजीत ‘आस्क’नंतर प्रश्न येत असेल तर ‘दॅट’ येत नाही, कारण जोडण्याचे काम प्रश्नशब्दच करतो, आणि विचारणारा आता समोर नसल्यामुळे सगळे वाक्य सांगणाऱ्याच्या जागेवरून बोलले जाते: ‘ही आस्क्ड मी व्हेअर आय लिव्ह्ड.’

तिसरी चूक मला सर्वांत रंजक वाटते. ‘तुला काय वाटते, तो कुठे गेला असेल?’ असे आपण सहज म्हणतो. यात खरा प्रश्न ‘कुठे’चा आहे. ‘काय’ नुसता पुढे उभा राहून आत एक प्रश्न आहे अशी वर्दी देतो. हिंदीतही असेच बोलतात, आणि जर्मन बोलणारेही या जातीची रचना वापरतात. प्रमाण इंग्रजीत ती नाही, त्यामुळे ‘व्हॉट डू यू थिंक व्हेअर हॅज ही गॉन?’ हे वाक्य इंग्रज माणसाला दोन प्रश्न एकात एक अडकल्यासारखे ऐकू येते. इंग्रजीत ‘कुठे’ स्वतःच उठून सर्वांच्या पुढे येतो: ‘व्हेअर डू यू थिंक ही हॅज गॉन?’ उलटापालट बाहेरच्या ‘डू यू थिंक’मध्ये झाली, आतले ‘ही हॅज गॉन’ सरळ राहिले, म्हणजे आधी पाहिलेला नियम इथेही मोडत नाही. मग ‘डू यू नो’मध्ये ‘व्हेअर’ आत राहतो आणि ‘डू यू थिंक’मध्ये तो पुढे का येतो? दोन्हींची उत्तरे देऊन पाहा. ‘तो कुठे राहतो ते तुला माहीत आहे का?’ याचे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असे देता येते. ‘तो कुठे गेला असेल असे तुला वाटते?’ याचे उत्तर ‘हो’ असे देता येत नाही, गावाचे किंवा जागेचे नावच सांगावे लागते. ज्या प्रश्नाचे उत्तर ठिकाण आहे, त्यात ठिकाण विचारणारा शब्द सर्वांत पुढे येतो.

या सगळ्यावर मराठी मुलांसाठी माझ्याकडे एक उपाय आहे, आणि तो मराठीतलाच आहे. इंग्रजीत ‘व्हेन’ हा एकच शब्द आहे, आपल्याकडे त्याला ‘कधी’ आणि ‘जेव्हा’ असे दोन शब्द आहेत. ‘व्हेअर’ला ‘कुठे’ आणि ‘जिथे’, ‘हू’ला ‘कोण’ आणि ‘जो’, ‘व्हॉट’ला ‘काय’ आणि ‘जे’. आता ‘मी लहान होते तेव्हा’ किंवा ‘जेव्हा तो आला’ याचे इंग्रजी करताना कोणतेही मूल ‘व्हेन डिड ही कम, आय वॉज स्लीपिंग’ असे सहसा लिहीत नाही, ते सरळ ‘व्हेन ही केम’ लिहिते. म्हणजे ‘व्हेन’नंतर सरळ क्रम ठेवणे त्याला येतेच. त्याला एवढेच सांगायचे, की ‘तो कधी आला ते मला माहीत नाही’ यातला ‘व्हेन’ अर्थाने ‘कधी’ असला तरी त्याची चाल ‘जेव्हा’ची आहे. ‘आय डोन्ट नो व्हेन ही केम’ आणि ‘आय वॉज स्लीपिंग व्हेन ही केम’ या दोन वाक्यांत मराठीला ‘कधी’ आणि ‘जेव्हा’ हा फरक दिसतो, इंग्रजीला क्रमाच्या दृष्टीने तो दिसत नाही. दोन्ही तुकडे पोटात आहेत, दोन्ही सरळ आहेत. हे सांगितल्यावर वर्गातल्या ज्या मुलांना नियमाने काही साधले नव्हते, त्यांचीही वाक्ये बरीच सुधारलेली मी पाहिली आहेत.

काही प्रश्न असे आहेत की ते पोटात गेले तरी त्यांच्यात काहीच बदलत नाही, आणि नियम नुकताच शिकलेली मुले तिथे गोंधळतात. ‘हू ब्रोक द विंडो?’ या प्रश्नात ‘हू’ हाच कर्ता आहे. त्याच्या पुढे कोणी उडी घेतलेलीच नाही, म्हणून परत फिरायलाही कोणी नाही: ‘आय नो हू ब्रोक द विंडो.’ ‘व्हॉट हॅपन्ड?’चेही तसेच. ‘व्हॉट इज द प्रॉब्लेम’ आणि ‘व्हॉट इज राँग’ हे दिसायला सारखे आहेत, पण दुसऱ्यात ‘व्हॉट’ हा कर्ता आहे, म्हणून ‘टेल मी व्हॉट इज राँग’ हेच बरोबर. पहिल्यात ‘द प्रॉब्लेम’ला कर्ता मानता येते, म्हणून ‘टेल मी व्हॉट द प्रॉब्लेम इज’ असे शिकवले जाते. मात्र ‘टेल मी व्हॉट इज द प्रॉब्लेम’ हेही इंग्रजी मातृभाषा असलेल्यांच्या तोंडी ऐकू येते, कारण ‘व्हॉट’लाच कर्ता समजण्याची सोय तिथे आहे. अशा वाक्यावर लाल शाई ओढण्याआधी शिक्षकाने क्षणभर थांबावे.

क्रियापद शेवटी आले की ते आखडून म्हणता येत नाही, हेही इथेच सांगितले पाहिजे. ‘ही इज’चे बोलताना ‘हीज’ होते, पण ‘आय नो व्हेअर ही इज’ या वाक्यात ‘इज’ पूर्ण उच्चारावे आणि पूर्ण लिहावे लागते. ‘इज’नंतर जे यायचे ते ‘व्हेअर’ होऊन आधीच पुढे गेले आहे, त्यामुळे ‘इज’ला टेकायला पुढे काही उरलेले नाही.

‘इफ’ आणि ‘व्हेदर’ यांच्याबद्दल थोडेसे. ‘व्हेदर’ या शब्दाचा जुना अर्थ ‘दोहोंपैकी कोणते’ असा होता, आणि तो अर्थ अजून त्याच्यात टिकून आहे. वाक्याच्या सुरुवातीला, ‘अबाउट’सारख्या शब्दानंतर आणि ‘टू’ लागलेल्या क्रियापदाच्या आधी ‘व्हेदर’च चालतो: ‘आय कान्ट डिसाइड व्हेदर टू गो.’ ‘इफ’ची अडचण अशी की त्याचा दुसरा अर्थ ‘जर’ असा आहे. ‘लेट मी नो इफ यू आर कमिंग’ या निरोपाचा अर्थ ‘येणार की नाही ते कळव’ असाही होतो आणि ‘येणार असशील तरच कळव’ असाही होतो. मुलाखतीच्या किंवा सभेच्या पत्रात ही संदिग्धता महागात पडू शकते, म्हणून लेखी इंग्रजीत मी ‘व्हेदर’ सुचवते.

सगळे इंग्रजी बोलणारे हा नियम पाळतात असेही नाही. आयर्लंडमध्ये ‘आय वंडर विल इट रेन’ किंवा ‘शी आस्क्ड मी वॉज आय गोइंग होम’ असे लोक पिढ्यान्‌पिढ्या बोलत आले आहेत. पण त्यांचे बोलणे बेशिस्त नाही. ते उलटापालट करतात तेव्हा ‘इफ’ गाळतात, म्हणजे खुर्ची एकच आहे हे त्यांच्या बोलीलाही मान्य आहे. शिवाय ‘विचारले’, ‘कुतूहल वाटते’ अशा क्रियापदांनंतर, जिथे प्रश्न अजून उघडा आहे, तिथे त्यांना उलटा क्रम चालतो. ‘ते आत कसे शिरले ते मला कळले’ अशा वाक्यात, जिथे उत्तर हाती आले आहे, तिथे तेही सरळ क्रमच वापरतात. विचारण्याची कृती आणि उलटा क्रम यांचे नाते किती जुने आणि किती खोल आहे, ते या बोलीत उघड दिसते. भारतातल्या इंग्रजीलाही आता स्वतःची वळणे आहेत, हे मी मानते आणि ती वापरणाऱ्याला कोणी हिणवू नये असेही मानते. तरीही परीक्षा, मुलाखत आणि पत्रव्यवहार यांत प्रमाण रचनाच अपेक्षित असते, तेव्हा ती मुलांच्या हाती देणे हे शिक्षकाचे काम आहे.

त्यातून व्यवहारातला एक मोठा लाभही होतो, तो म्हणजे सौजन्य. अनोळखी माणसाला ‘व्हेअर इज द टिकिट काउंटर?’ असे एकदम विचारणे इंग्रजीत काहीसे तुटक वाटते. आपण मराठीत ‘अहो, जरा सांगता का’ अशी सुरुवात करतो, तसे इंग्रजीत ‘कुड यू टेल मी’ म्हणून मग आतला तुकडा सरळ ठेवायचा असतो: ‘कुड यू टेल मी व्हेअर द टिकिट काउंटर इज?’ ज्या क्षणी माणूस अधिक नम्रपणे बोलायला जातो, त्याच क्षणी त्याला ही रचना लागते. नेमक्या त्याच क्षणी चूक झाली तर पुढचे बोलणे अडखळते, म्हणून हे आधी, निवांतपणे, तोंडात बसलेले असावे.

आठवीतल्या त्या मुलीचा प्रश्न मी पुढच्या तासाला फळ्यावर इंग्रजीत लिहिला: ‘व्हेअर डिड द एस गो?’ आणि त्याच्या डाव्या बाजूला ‘शी आस्क्ड मी’ लिहून बाकीचे वाक्य तिला पूर्ण करायला सांगितले. तिने ‘डिड’ पुसला, ‘द एस’ पुढे घेतले, ‘गो’वर काही वेळ खडू टेकवून ठेवला, आणि मग ते पुसून लिहिले: ‘वेंट’.